एकट्याने येण्याची सवय

त्या मंगळवारी सकाळीही राजाराम थळ्यांनी उठल्या उठल्या अंथरूण गुंडाळलं, नाडीने बांधलं आणि कोटांच्या कपाटात उभं करून ठेवलं. नेत्राने सुरुवातीला सांगून पाहिलं होतं, "बाबा, राहू द्या ना पसरलेलं. इथे कोण येणार आहे?" पण जुरोंगच्या गोदीत वेल्डर म्हणून काम करताना ते ज्या खोलीत राहिले, तिथे एका बाकावर दोन माणसं झोपत, एक दिवसपाळीचा, एक रात्रपाळीचा. निघताना आपला बिछाना आवरला नाही, तर येणाऱ्याने पाठ टेकायची कुठे? सिंगापूर सोडून पंधरा वर्षं झाली होती. तिथल्या सवयी मात्र अलिबागमार्गे थेट अमेरिकेतल्या हर्नडनपर्यंत आल्या होत्या. नेत्राने आपला पलंग देऊ केला तर म्हणाले, "मला कार्पेट बरं." जेवलेली थाळी डिशवॉशरमध्ये न टाकता ते तिथल्या तिथे धुऊन पुसून ठेवायचे. त्यांचे चारही शर्ट बॅगेतच असायचे आणि बॅग दाराजवळ. येऊन दोन महिने झाले होते, पण ते घराबाहेर गेले की घरात कुणी पाहुणा राहतो आहे असं वाटतच नसे.

ओट्याशी उभ्यानेच चहा पिताना त्यांनी डाव्या छातीवर तळहात दाबला. नेत्रा लॅपटॉप बॅगेत भरत होती, तिने पाहिलं.

"काय झालं?"

"काही नाही गं. काल तुझा तो पिझ्झा खाल्ला ना. चीज फुकट मिळतं काय तुमच्या अमेरिकेत? गवंडी सिमेंट थापतो तसं थापलं होतं."

"दुखतंय का? डॉक्टरांना दाखवू या?"

"इनो घेतलंय. तू नीघ. तुझी ती लिसा वाट बघत असेल."

लिसा तिची मॅनेजर. त्या आठवड्यात मोठं रिलीज होतं, आणि सगळ्या टेस्टिंगची जबाबदारी नेत्रावर होती. बाबांना रिलीज म्हणजे काय ते नीटसं कळत नसे, पण त्यांनी आपल्यापुरता अर्थ लावून घेतला होता. जहाज दुरुस्त होऊन पाण्यात उतरायचा दिवस. त्या दिवशी कुणी घरी राहत नाही.

खरं तर गोदीत कुठल्याच दिवशी कुणी घरी राहत नसे. आजारी माणसाला कंपनी परत पाठवते, असा सगळ्यांचा पक्का समज होता. त्यामुळे ताप असला तरी अंग पुसून कामावर, हात भाजला तरी हातमोज्यात घालून कामावर. बाबांनी ही गोष्ट तिला कधीतरी हसत हसत सांगितली होती, एका तमिळ मित्राने कांजिण्या कशा लपवल्या त्याची नक्कल करून. नेत्रा हसली होती आणि मग तिच्या लक्षात आलं होतं की आपणही गेल्या थंडीत ताप अंगावर काढून, टायलेनॉल घेऊन मीटिंगला बसलो होतो. व्हिसावरच्या माणसाच्या तोंडून 'बरं वाटत नाही' हे शब्द सहजासहजी निघत नाहीत. कुणी बजावलेलं नसतं, तरी निघत नाहीत.

"आणि फिरायला गेलात तर त्या लोकांजवळ उभे राहू नका," तिने बूट घालता घालता सांगितलं.

"कुठल्या लोकांजवळ?"

"माहीत आहे तुम्हाला."

कोपऱ्यावरच्या दुकानाच्या पार्किंगमध्ये सकाळी माणसं उभी असत. एल साल्वादोरची, होंडुरासची. कुणाचा ट्रक आला की त्याला घेरायची. त्यांतले दोन-तीन रंगकामाला किंवा गवत कापायला उचलले जायचे, बाकीचे पुन्हा हात खिशात घालून उभे. त्यांना तिथे उभं राहू द्यावं की नाही यावरून गावात वर्षभर भांडण चाललं होतं. बाबा थर्मास घेऊन तिकडून जाताना थांबायचे. चहा द्यायचे. भाषा ना ह्यांना येत, ना त्यांना.

"आपलीच माणसं आहेत ती," बाबा म्हणाले.

"आपली कुठून? साल्वादोरची आहेत."

"असू देत. कामाची वाट बघणारा माणूस मला लांबून ओळखता येतो."

"पोलिसांनी उद्या तुम्हालाच पेपर्स विचारले ना, मग कळेल."

"विचारू देत की. पासपोर्ट माझ्या खिशातच असतो. हरवशील तर मरशील, असं पहिल्याच दिवशी शिकवलं होतं आम्हाला." ते हसले. "जा आता. उशीर केलास तर मीच तुझा पगार कापीन."

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा त्यांनी मुगाची खिचडी करून ठेवली होती आणि तिच्या जेवणाच्या टेबलाचा डुगडुगणारा पाय पक्का केला होता. कॉलिंग कार्डाचा नंबर फिरवून त्यांनी अलिबागला फोन लावला, म्हणजे लताबाईंना, नेत्राच्या आईला. तिकडे सकाळ होती. "इकडे सगळं बरं आहे," बाबा म्हणाले. तिकडून आईही तेच म्हणाली. या घराची फोनवरची बोली हीच होती. सिंगापूरच्या काळात शेजारच्या वाण्याकडे फोन यायचा, तेव्हापासूनची. मग बाबा टेबलाशी बसून जेवले, कारण पाय आता हलत नव्हता आणि तो त्यांना तिला दाखवायचा होता.

बुधवारी सकाळी ती निघाली तेव्हा ते दाढी करत होते. साबण लावलेल्या गालांनीच त्यांनी मान हलवली. अकराच्या सुमाराला तिच्या डेस्कवरचा फोन वाजला, आणि एका पोलिसाने फार हळू आवाजात तिचं आडनाव उच्चारायचा प्रयत्न केला.

ती हॉस्पिटलमध्ये पोचली तेव्हा सगळं संपलं होतं. हार्ट अटॅक. दुकानाच्या पार्किंगमध्ये ते खाली बसले ते पुन्हा उठले नाहीत. पोलिसाने तिला त्यांचा पासपोर्ट दिला आणि जाता जाता म्हणाला, ॲम्ब्युलन्स येईपर्यंत एक माणूस त्यांच्याजवळ बसून होता. सॉरी फॉर युवर लॉस. पासपोर्ट अजून शर्टाच्या खिशाच्या आकारात वाकलेला होता.

दुपारपर्यंत जवळच्या ॲशबर्नहून प्रतापकाका आणि शरयूकाकू आले. काका महाराष्ट्र मंडळाचे जुने कार्यकर्ते. गणपतीची मूर्ती मागवण्यापासून ते अशा वेळेपर्यंत सगळीकडे त्यांनाच बोलावलं जाई. आजवर तीन-चार जणांना त्यांनी इथून घरी पाठवलं होतं. कुणाला फोन करायचा, वकिलातीत काय लागतं, फ्यूनरल होममध्ये काय विचारतात, सगळं त्यांना पाठ होतं.

"हे बघ बेटा, आपल्याकडे दोन ऑप्शन आहेत—"

"अहो, ऑप्शन काय म्हणता?" काकू मध्येच म्हणाल्या. "लग्नाचा हॉल बुक करताय का?"

"मग काय म्हणू? तिला समजलं पाहिजे ना."

"नुसतं सांगा."

काकांनी चष्मा काढला, पुसला. "इथे अंत्यसंस्कार करता येतात. अस्थी तू मागाहून नेऊ शकतेस. नाहीतर बॉडी मुंबईला पाठवायची. मुंबईहून अलिबागला गाडीने. त्यात मग एअरलाइनला सांगावं लागतं, बरोबर कोणी आहे की अनअकम्पनीड."

तो शब्द नेत्राने आजवर विमानतळावर, सामानाच्या बाबतीत ऐकला होता.

बरोबर कोण जाणार, हाच प्रश्न होता. ती एकुलती एक. तिच्या पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का गेल्या वर्षीच संपला होता. इथे राहायला, काम करायला त्याची अडचण नव्हती, पण एकदा देशाबाहेर पाऊल टाकलं की मुंबईच्या अमेरिकन वकिलातीतून नवा शिक्का घेतल्याशिवाय परत येता येणार नव्हतं. तिने कंपनीच्या वकिलाला फोन केला. तो बिचारा चांगला होता. त्याने आधी खेद व्यक्त केला, मग सांगितलं की मुंबईत मुलाखतीच्या तारखा पुढच्या वर्षीच्या मिळताहेत, तातडीची विनंती करता येईल, भरवसा देता येणार नाही. आणि अर्ज चौकशीत अडकला तर किती महिने, ते तोही सांगू शकत नव्हता. लिसा म्हणाली, टेक ऑल द टाइम यू नीड. ती मनापासून म्हणत होती. पण कॉन्ट्रॅक्ट क्लायंटच्या हातात होतं, आणि रिकामी खुर्ची क्लायंट किती दिवस ठेवतो ते दोघींनाही ठाऊक होतं. सहा वर्षं काढली होती तिने इथे. ग्रीन कार्डाचा अर्ज अर्ध्यात होता. हे सगळं उंबरठ्यावर ठेवून जायचं, आणि मागे वळल्यावर ते तिथे असेल की नाही ते कळणार नाही.

तिने आईला फोन केला. आईचं रडून झालं होतं. आवाज कोरडा होता.

"नेत्रा, तू येऊ नकोस."

"आई—"

"ऐक माझं. वहिनींचा अनिल मुंबईला विमानतळावर जाईल, तो सगळं बघेल. तू तुझी नोकरी सांभाळ. त्यांनीही हेच सांगितलं असतं." मग आई म्हणाली, "त्यांना सवय आहे गं एकट्याने यायची."

नेत्राने फोन ठेवला आणि ती त्या पक्क्या झालेल्या टेबलाशी जाऊन बसली.

एकट्याने यायची सवय होती, आणि एकट्याने जायचीही. दोन वर्षांतून एकदा बाबा महिनाभर यायचे. त्या महिन्यात घर त्यांच्याभोवती फिरायचं, आणि तिला त्यांच्याशी काय बोलावं ते कळेपर्यंत महिना संपत यायचा. निघायच्या दिवशी सकाळी त्यांच्या हातावर दही ठेवायचं काम तिचं. आईने पहिल्या वेळीच बजावलं होतं, जाणाऱ्यासमोर डोळ्यांतून पाणी काढायचं नाही, त्याचा पाय अडतो. नेत्राने कधी काढलं नाही. ती दही द्यायची, वाकून नमस्कार करायची आणि हसायची. "गुणाची पोर," आळीतल्या बायका म्हणायच्या, "बाप निघाला तरी हू की चू नाही." बाबाही एस.टी.च्या खिडकीतून तिच्याकडे बघून खूश होऊन हात हलवायचे. पुढे तिला विमानतळावर सोडायला आले तेव्हाही कुणी रडलं नाही. एव्हाना तिघंही त्यात तरबेज झाली होती.

गुरुवारी सकाळी शरयूकाकू तिच्यासाठी उपमा करत होत्या, तेवढ्यात ती उठून चपला घालू लागली.

"कुठे निघालीस?"

"इथेच. कोपऱ्यावर."

"थांब, मी येते."

"नको काकू. लगेच येते."

पार्किंगमध्ये नेहमीसारखी माणसं उभी होती. ती जवळ जाताच बोलणं थांबलं. अशा वेळी बाहेरची बाई आली म्हणजे एकतर काम नाहीतर तक्रार. काल इथे एक म्हातारा माणूस पडला, तो माझा बाप, असं तिने इंग्रजीत सांगितलं. एक तरुण पुढे झाला, त्याला इंग्रजी बरं येत होतं. त्याने मागे वळून कुणाला तरी हाक मारली. पन्नाशीचा एक बुटका माणूस आला, पँटवर पांढऱ्या रंगाचे वाळलेले शिंतोडे. आल्या आल्या त्याने टोपी काढली.

"हा विल्मर," तरुण म्हणाला. "हा बसला होता त्यांच्याजवळ. त्याच वेळी ट्रक आला होता, विल्मरचं नाव घेऊन आला होता. तो गेला नाही."

नेत्राला आभार मानायचे होते. त्याऐवजी तिने विचारलं, "ते काही बोलले का?"

तरुणाने स्पॅनिशमध्ये विचारलं. विल्मर बोलू लागला. त्याचे हात बोलत होते, एकावर एक ठेवलेले, कुणाचा तरी हात धरावा तसे.

"तो म्हणतो, हो, खूप बोलले. आधी वाटलं, याला पाणी हवं असेल. पण पाणी नको होतं. ते नुसते बोलत होते. त्यांच्या भाषेत. याला एक शब्दही कळला नाही. मग हाही त्यांच्याशी बोलत राहिला, स्पॅनिशमध्ये. आपल्या गावाबद्दल काहीतरी. माणसाला आवाज ऐकू आला म्हणजे बरं वाटतं, असं म्हणतो."

"खूप बोलले?" नेत्राने पुन्हा विचारलं.

तरुणाने विचारलं. विल्मरने मान डोलावली. "मुचो," तो तिच्याकडे बघून म्हणाला. हा शब्द तिला येत होता.

एवढ्या वर्षांत जे तिच्याशी, आईशी मनातलं चार वाक्यांपुढे बोलले नव्हते, ते शेवटी पुष्कळ बोलले, आणि ते ऐकायला मराठी कळणारं कुणीही नव्हतं. ते कशाबद्दल होतं, ते आता कधीच कळणार नव्हतं. हे तिला तिथे, त्या पार्किंगमध्ये, उन्हात उभं असताना समजलं. पण एका परक्या माणसाने आलेला ट्रक जाऊ दिला होता आणि त्यांना एकटं सोडलं नव्हतं, हेही समजलं. तिने विल्मरला नमस्कार केला, हात जोडून, कारण दुसरं काही सुचलं नाही. त्यानेही टोपी धरलेले हात जोडले.

घरी येताच तिने प्रतापकाकांना फोन लावला. "काका, एअरलाइनला सांगा, मी बरोबर आहे."

"बेटा, नीट विचार कर हं. मी किती केसेस पाहिल्यात. परत येताना—"

"अहो, ऐका ना तिचं!" नेत्राच्या शेजारी फोनला कान लावून उभ्या असलेल्या काकू ओरडल्या.

"बरं बरं. तिथेच आहेस काय तू? सांगतो. सीट बघतो त्याच फ्लाइटवर."

आईला पटवायला वेळ लागला.

"त्यांना आवडणार नाही हे," आई म्हणाली.

"माहीत आहे. त्यांना विचारलं नाही मी."

"अगं, पण परत नाही जाता आलं तर? सहा वर्षांची मेहनत तुझी."

"नाही जाता आलं तर नाही."

"आणि मग?"

"मग बघू. आई, त्यांनी कितीतरी गणपती चुकवले, तुझं ऑपरेशन चुकवलं, आजीचं शेवटचं चुकवलं. का? परत घेणार नाहीत म्हणून. मला कळतंय त्यांनी तसं का केलं. मीही इथे तेच करते, रोज. पण या वेळेला नाही."

कार्डावरची मिनिटं संपली की काय असं वाटलं. मग आई रडू लागली. ओरडून नाही, पण फोनवर, नेत्राला ऐकू येईल असं. हे याआधी कधी झालं नव्हतं.

"ये," आई म्हणाली. "घेऊन ये त्यांना."

शनिवारी फ्यूनरल होममध्ये त्यांनी बाबांना तयार केलं. तिथल्या सूट घातलेल्या पोरसवदा माणसाने नम्रपणे विचारलं होतं की कपडे आम्ही घालू की तुम्ही? काकांनी आणि तिने मिळून घातले. बॅगेतल्या चार शर्टांमधला पांढरा शर्ट, राखाडी पँट. धोतर त्यांनी आयुष्यात नेसलं नव्हतं, ते आता कशाला, असं काकूच म्हणाल्या. काकूंनी आपल्या किचनच्या खिडकीत वाढवलेल्या तुळशीचं पान आणलं होतं, आणि कुणाच्या तरी देव्हाऱ्यातलं गंगाजल. उजव्या अंगठ्याजवळ वेल्डिंगच्या ठिणगीचा जुना डाग होता. तो तिने पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहिला. चेहऱ्याला काहीतरी पावडर लावलेली होती, त्यामुळे ते जरा गोरे आणि जरा अनोळखी दिसत होते, रजेवर आल्यानंतरच्या पहिल्या दिवशी दिसायचे तसे.

"थोड्या वेळात पेटी बंद करतील," काका म्हणाले. "मग उघडत नाहीत, थेट… आम्ही बाहेर आहोत. तू ये सावकाश." काकूंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि दोघं गेली.

खोलीत एअर कंडिशनरचा बारीक आवाज होता. नेत्रा खुर्ची ओढून त्यांच्या उशाशी बसली. आधी ती मनातल्या मनातच बोलली, सवयीने. मग तिला वाटलं, विल्मरला तर त्यांची भाषासुद्धा कळत नव्हती, तरी तो मोठ्याने बोलला होता.

"बाबा," ती म्हणाली, आणि स्वतःच्या आवाजाने दचकली.

बाहेर कुणी ऐकलं तर ऐकू दे, असं ठरवून ती पुन्हा बोलली.

"बाबा, मी गुणाची-बिणाची नव्हते. एस.टी. वळली की मी मागच्या पडवीत जाऊन बसायचे आणि दिवसभर जेवायचे नाही. आईला माहीत होतं. तुम्हाला कुणी सांगितलं नाही. तुम्ही गेलेलं नको होतं मला. पहिल्यांदा नको होतं, दुसऱ्यांदा नको होतं, दर वेळेला नको होतं. हसायचे ते खोटं होतं. मला रडायचं होतं, तुमचा शर्ट धरून ठेवायचा होता, सगळ्या आळीसमोर. जाऊ नका म्हणायचं होतं. जाऊ नका, बाबा. जाऊ नका."